कुंकवाखालचा खिळा

मी दुकानातून घरी आलो की कुसुम पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि विचारायची, “आज सगळ्या रिकाम्या होत्या ना?” मी “हो” म्हणायचो. मग ती चहाचं आधण ठेवायची. निवृत्तीनंतर मी वाचनालयातून पुस्तकं घेऊन आलो तरी सवयीने तोच प्रश्न तिच्या तोंडून निघायचा आणि मग तिचं तिलाच हसू यायचं.

गेल्या पावसाळ्यात कुसुम गेली. आता तांब्या मीच भरून घेतो. या अंकाच्या संपादकांनी माझ्या धंद्याच्या आठवणी मागितल्या तेव्हा आधी नकार दिला होता. बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून लोकांना शिकारीच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडे त्या नाहीत. मी आयुष्यात एकही जनावर मारलेलं नाही. माझ्याकडे आहे ती भीतीची गोष्ट, आणि ती सांगायची तर कुसुमचं नाव घ्यावं लागतं. म्हणून हळूहळू लिहितो आहे.

नगरच्या बाजारात आमच्या शेठचं बंदुकांचं परवान्याचं दुकान होतं. मी मॅट्रिक झालेला, पुस्तकांचा नाद असलेला, अंगाने किरकोळ. चुलत्याच्या ओळखीने तिथे लागलो आणि तिथेच राहिलो. दुनळ्या बंदुका दुरुस्त करणारे बरेच होते. माझ्या टेबलावर यायच्या त्या जुन्या एकबारी बंदुका. इंग्रजांच्या फौजेने टाकून दिलेल्या, मग संस्थानिकांकडे, मग पाटलांकडे, मग पहारेकऱ्यांकडे गेलेल्या. त्यांची मूळ बनावट पुस्तकातल्या चित्रात सापडते. पण शंभर वर्षं गावोगाव फिरलेली बंदूक चित्रातल्यासारखी उरत नाही. कुणी लोहाराने काही कापलेलं असतं, कुणी काही जोडलेलं असतं. ते ओळखणं हे माझं काम.

ते ओळखायची रीत साधी होती. कारखान्यातल्या कानशीचे ओरखडे एका दिशेने, सारख्या अंतराचे असतात. हाताच्या कानशीचे श्वासाबरोबर वाकडे होतात. आतले भाग दिव्याच्या वातीवर धरून काजळी धरवायची, परत बसवायचे, एकदा चालवायचे आणि उघडून पाहायचं. जिथे काजळी पुसली तिथे लोखंड लोखंडाला लागतं. जिथे लागायला नको तिथे पुसली असेल, तर कुणाचा तरी हात फिरला आहे असं समजायचं.

एकदा पाथर्डीकडून एक बंदूक आली. काडतूस भरताना बोटं अडकवून ओढायची तिची खालची दांडी बाहेरच्या बाजूला वाकवलेली होती, तळहाताने ढकलता यावी अशी. मी शेठला म्हटलं, “ज्याने ही वापरली त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नसणार.” घ्यायला आला तो खरंच तसा माणूस. त्याने हात धोतराच्या सोग्यात लपवला आणि मला विचारलं, “तुमाला कुनी सांगितलं?” त्या दिवशी मला थोडा गर्व झाला. तो फार टिकला नाही. दुसऱ्याच आठवड्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी आला. त्याच्या उजव्या गालावर गोंदल्यासारखे निळे ठिपके होते. मी गमतीने गोंदणाबद्दल विचारलं. तो म्हणाला, “गोंदन न्हाई सायेब. बार काढला की ही रांड तोंडावर ठिनग्या थुकती.” उघडून पाहिलं तर आतली झीज भरून काढायला कुणी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला होता. तो पत्रा फाटत आला होता. अजून एक बार काढला असता तर ठिपक्यांवर भागलं नसतं, डोळाच गेला असता. मी बंदूक परत केली नाही. तो शिव्या देत गेला. रात्रभर मला झोप आली नाही, आणि कुसुमने का म्हणून विचारलं नाही.

या धंद्यात भीती अशीच असते. ती मोठा आवाज करून येत नाही. कुणीतरी कधीतरी केलेल्या चांगल्या कामाखाली ती दबून बसलेली असते.

आता मूळ गोष्ट. दुष्काळाच्या सालची, एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची. कुसुमचं माहेर शेवगावच्या पुढे. तिचे वडील आबा गावचे जुने पाटील. त्यांच्या घरी एक एकबारी बंदूक होती, परवान्याची. मूळची फौजी नळी काढून कुणीतरी तिला छर्ऱ्याच्या बारीक काडतुसाची नळी बसवलेली. त्या घरात खंडेनवमीला बंदुकीची पूजा व्हायची आणि एक रीत कसोशीने पाळली जायची: रिकामं हत्यार पुजायचं नाही. नवमीला काडतूस भरून बंदूक पाटावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी शिलंगणाच्या वेळी शिवेवर आबांनी तेच काडतूस उडवायचं. जावई असून मला हे ठाऊक नव्हतं. दसऱ्याला आमच्या दुकानातही पूजा असायची, त्यामुळे त्या सणाला मी सासुरवाडीला कधी गेलोच नव्हतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी माझा मेहुणा बबन ती बंदूक गोणपाटात गुंडाळून दुकानात घेऊन आला.

“दाजी, चाप लई जड झालाय. आबांच्या बोटात जोर न्हाई ऱ्हायला. मागल्या साली दोन्ही हातांनी वढला तवा कुठं बार झाला. सारं गाव हसलं. जरा हलका करून द्या.”

“बघतो.”

“बघतो काय? मेव्हन्याचं काम हाय. का पुस्तकात बघून सांगनार?”

तो हसत गेला. मी बंदूक टेबलावर घेतली. पहिला नियम, दांडी ओढून आत पाहायचं. रिकामी होती.

या जातीच्या बंदुकीचं सांगायला हवं. दस्त्याखालची दांडी ओढली की आतला पोलादी ठोकळा पुढून खाली झुकतो. वरून काडतूस सरकवायचं, दांडी मिटायची, ठोकळा काडतुसाच्या बुडाशी येऊन बसतो. या एकाच हालचालीत आतला खिळा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारा भाग, आपोआप ताणला जातो. या बंदुकीला दुनळीसारखा बाहेर दिसणारा घोडा नसतो. म्हणजे भरलेली एकबारी कायम ताणलेलीच असते. चापाचा एक छोटा दात त्या खिळ्याला धरून ठेवतो. तेवढाच आधार.

आत जे दिसलं ते आधी कळेना. तेल, हळद, कुंकू, पिढ्यान्‌पिढ्यांचं, चिकटून डिंकासारखं झालेलं. चाप जड होता तो या राड्यामुळे. मी सगळं सुटं करून घासलेटमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी भाग काढून भिंगाखाली धरले आणि हात थांबला. चापाचा दात झिजून नखाच्या कडेएवढा उरला होता. इतकी वर्षं त्या ताणलेल्या खिळ्याला दाताने धरलंच नव्हतं. त्याला वाळलेल्या कुंकवाने धरलं होतं.

परत जोडली, रिकामीच ताणली आणि दस्त्यावर लाकडी हातोडीने हलकेच टिचकी दिली. टक्. चापाला हात न लावता खिळा सुटला. पुन्हा ताणली. टिचकी. टक्.

मी ती साफ करून दुरुस्त केलेली नव्हती. साफ करून सोडली होती.

पण तिच्यात आणखी काहीतरी होतं. डाव्या अंगाला शोभेसाठी पितळी फुलांच्या टोप्या ठोकलेल्या होत्या. त्यातल्या एकाच फुलावर कुंकवाचा जाड थर होता, बाकीची स्वच्छ. थर खरवडला तर फुलाच्या मधोमध बारीक खाच निघाली. पेचकस लावला. फूल फिरलं. अर्धा वळसा, आणि थांबलं. आत काजळी धरून पाहिलं. फुलाचा दांडा पोलादी भिंतीतून आरपार आत गेला होता, आणि आतलं टोक अर्धगोल कापलेलं होतं. एका बाजूला फिरवलं तर खिळ्याला वाट मोकळी. अर्धा वळसा दिला तर दांडा खिळ्याच्या वाटेत आडवा. चाप सुटला तरी खिळा त्यावर अडणार, काडतुसापर्यंत पोचणार नाही.

मी अशी करामत कुठल्याही चित्रात पाहिलेली नव्हती. कुणा हुशार लोहाराने केवळ या घराच्या रितीसाठी ती घडवली होती. भरलेलं हत्यार पाटावर रात्रभर ठेवायचं असेल तर त्याला झोपवता आलं पाहिजे, म्हणून.

संध्याकाळी कुसुमला विचारलं, “तुमच्याकडे बंदुकीला कुंकू कुठे लावतात?”

“डाव्या अंगाच्या फुलाला. अंगठ्याने दाबून. आजोबा तसंच लावायचे, आबाही तसंच लावतात.” तिने हवेत अंगठा दाबून दाखवला.

तिच्या पणजोबांचा अंगठा दाबून वळत असणार. दाबणं उरलं होतं, वळणं गळून पडलं होतं. आणि दर नवमीला त्या वळणाच्या जागेवर कुंकू साचत गेलं होतं.

“आणि पूजेच्या वेळी तिच्यात काडतूस असतं?” मी विचारलं.

“असतंच की. रिकामी कशी पुजणार?” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

मी तिला सगळं सांगितलं. नवा दात करायला लागेल, पितळी दांडा पोलादाचा करायला लागेल. पितळ मऊ, त्यावर आधीच एक खड्डा पडलेला. एखादा धक्का सोसेल, पुढचं सांगता येत नाही. दसऱ्याच्या आत होईल, असंही म्हणालो. ती एवढंच म्हणाली, “करा. आणि आबांना तुम्हीच सांगा. बबनचं ते ऐकणार नाहीत.”

नेमकं तेव्हाच पाथर्डीला जाणं आलं. तिथल्या पोलीस ठाण्यात जमा असलेली हत्यारं तपासायला दरवर्षी दुकानातून माणूस मागवत, आणि मलाच जावं लागे. जाताना शेठला सांगितलं, ही बंदूक मी आल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. आत काम बाकी आहे. शेठ “बरं” म्हणाले.

नवमीच्या सकाळी परत आलो तर खुंटी रिकामी.

“अरे, तुझाच मेहुणा,” शेठ म्हणाले. “परवाना हातात, सण तोंडावर. मी चाप ओढून बघितला की, लोण्यासारखा चालतोय. चांगलं केलंस काम.”

“कधी नेली?”

“काल. बहिणीला न्यायला आला होता ना. तिघं बरोबरच गेले.”

तिघं म्हणजे बबन, कुसुम आणि आमची पाच वर्षांची मंगल. घराला कुलूप होतं. शेजारणीकडे कुसुमने निरोप ठेवला होता: बबन म्हणतो बंदूक झाली, शेठनीच दिली, म्हणजे तुम्ही काम पुरं करूनच गेला असाल.

ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने परत निघालो. करंजीच्या घाटात एसटी कण्हत होती. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग, आणि सणाचा दिवस असून त्यावर हातोडे चालवणारी माणसं. प्रत्येक हातोड्याचा आवाज मला नको तसा ऐकू येत होता. तिसगावला गाडी थांबली. कंडक्टर उतरून चहाला गेला. मी म्हटलं, “लवकर निघू या का?” तो म्हणाला, “का वो पाव्हनं, पूजा तुमच्यावाचून अडलीय व्हय?” लोक हसले. मी पण हसल्यासारखं केलं. पुस्तक उघडलं. एक ओळ वाचता आली नाही.

शेवगावहून पुढे एका ट्रॅक्टरवर बसून गेलो आणि उरलेलं अंतर चाललो. धावत नव्हतो. का कोण जाणे, वाटत होतं की धावलो तर तेवढ्यानेच काहीतरी हादरेल.

सोप्यात माणसं जमली होती. पाटावर बंदूक, तिच्याशेजारी कोयते, नांगराचा फाळ, विळे. त्या वर्षी झेंडू नव्हता, कण्हेरीची फुलं वाहिली होती. आणि नळीच्या समोर, दोन हातांवर, पोरं पाट्या मांडून उकिडवी बसली होती. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर पाट्याही पुजतात. जिच्या वेणीला लाल फीत होती ती मंगल, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत होती. नळीचं तोंड तिच्या कपाळाच्या रेषेत होतं.

“आले जावईबापू!” आबा म्हणाले. “बगा, तुमी चाप झ्याक केला. काडतूस भरलंय. आता नारळ वाढवायचा तेवढा ऱ्हायलाय.”

बबन नारळ हातात घेऊन उभा होता. पाटाला लागूनच दगडी उंबरा. दर वर्षी नारळ तिथेच फोडत.

ओरडावंसं वाटलं. ओरडलो असतो तर पोरं दचकून उठली असती, कुणाचा पाय पाटाला लागला असता. उचलावी तर उचलतानाच सुटली असती. मी कुसुमकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. तिने माझा चेहरा वाचला आणि तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, “पोरांनो, पाट्या तिथंच ठेवा. आधी हात धुवा, मग प्रसाद. चल गं मंगल, आधी तू.” पोरं प्रसादाच्या नावाने उठून तिच्याकडे गेली. मंगल सगळ्यात शेवटी उठली, सरस्वतीचा एक आकडा राहिला होता म्हणून. तेवढा वेळ मला अजून आठवतो.

मी चपला काढल्या, पाटाच्या बाजूला गुडघ्यांवर बसलो, कुंकवात अंगठा बुडवला. खिशातला पेचकस काढला असता तर दहा प्रश्न उठले असते. फुलाच्या खाचेत अंगठ्याचं नख बसवलं, दाबलं आणि वळवलं. सगळं साफ केलेलं होतं म्हणून वळलं. अर्धा वळसा. थांबलं.

“जावई असून कसं रितीनं लावलं बगा,” आबा कौतुकाने म्हणाले.

“बबनराव, थांबा…” मी म्हणेपर्यंत बबनचा हात खाली आला होता. नारळ उंबऱ्यावर आपटला. पाट हादरला.

टक्.

नारळाच्या आवाजात तो कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला. आणि दारात उभ्या असलेल्या कुसुमला गेला, कारण तिच्या हातातलं ताट कलंडलं आणि कण्हेरीची फुलं खाली सांडली.

मी बंदूक उचलली, नळी बाहेर अंगणाकडे केली आणि दांडी ओढली. काडतूस हातात पडलं. त्याच्या बुडावर ओरखडा नव्हता. बबन म्हणाला, “अवो दाजी, भरलेली रिकामी करता व्हय? रीत न्हाई ती!” मी फूल काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. पितळी दांड्यावर जुन्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा पडला होता, ताजा, चकचकीत. मग तिथेच, काही न लपवता, सगळं सांगितलं.

आबांनी ते फूल बबनच्या हातातून घेतलं. ते पोरांच्या पाट्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, “म्हंजे माझा आज्जा कुकू लावीत न्हवता. कुलूप घालीत हुता.”

“कुंकूही लावत असतील,” मी म्हणालो.

“पन आमी निस्तं कुकूच लावलं.” त्यांनी अंगठा पुढे करून पाहिला. “यंदा शिवंवर बार न्हाई. काडतूस पाटाखाली ठिवा. आन जावईबापू, नवं फूल पोलादाचं करा. हितनं पुढं या घरात कुकू पिळून लावायचं.”

मी तसं करून दिलं, दातही नवा केला. पुढे आबा गेले, बबनने बंदूक सरकारजमा केली. जुनं पितळी फूल मात्र कुसुमने मागून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. नातेवाईक विचारत, हा कुठला टाक? ती म्हणायची, “आमच्या मंगलचा.” त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. फक्त त्यानंतर तिचा संध्याकाळचा प्रश्न बदलला नसला तरी उत्तर ऐकताना ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

गेल्या पावसाळ्यात तिला अंगणात ठेवलं तेव्हा बायकांनी मळवट भरला आणि मला म्हणाल्या, तुम्ही कुंकू लावा. मंगल शेजारी उभी होती, आता स्वतःच आजी झालेली. मी अंगठा बुडवून कुसुमच्या कपाळावर टेकवला. दाबला. आणि माझं मलाच कळलं नाही, अंगठा अर्धा वळसा वळला.

मंगलने विचारलं, “बाबा, असं का?”

मी म्हणालो, “तुझ्या आजोळची रीत आहे.”